रांग मोडा, मुलं टिकतील

प्रश्न : मी घोडबंदर रोडवर कासारवडवलीला राहते. कॉलेजात असताना बॅडमिंटन खेळायचे. एप्रिलपासून दर रविवारी सकाळी आठ ते नऊ सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये ६ ते ९ वयाच्या मुलांना शिकवते. सोळा होती, आता बारा उरली. कोर्ट एकच. मी नेटपलीकडून शटल मारून देते, प्रत्येकाने पाच मारायची आणि रांगेत मागे जायचं. पंधरा मिनिटांत रांगेचा तमाशा होतो. दोघं रॅकेटने तलवारबाजी करतात, एक लादीवर लोळतो, आणि ज्याची पाळी असते त्याला शटल लागतच नाही. ग्रिप सांगून सांगून घसा बसला. पालक म्हणतात, मॅच खेळवा म्हणजे रमतील. त्यात एक मुलगा डावखुरा आहे, त्याच्यासाठी काय वेगळं करायचं तेही कळत नाही. काही खेळ, काही ड्रिल्स सुचवाल का?

– एक हौशी काकू, ठाणे

उत्तर : काकू, आधी एक हिशेब करू. पाच शटल मारायला २० सेकंद, पुढचं मूल जागेवर यायला ५. म्हणजे बारा मुलांची एक फेरी पाच मिनिटांची. त्यात प्रत्येक मूल २० सेकंद खेळतं आणि उरलेली ४ मिनिटं ४० सेकंद हातात रॅकेट घेऊन उभं राहतं. पाऊण तासात अशा नऊ फेऱ्या, म्हणजे पंचेचाळीस फटके, त्यातले बरेचसे हुकलेले. सात वर्षांच्या पोराने एवढ्यावर तलवारबाजी केली नाही तरच नवल.

तेव्हा पुढच्या रविवारी पहिलं काम म्हणजे नेट काढा. मधल्या नेटची उंची १.५२४ मीटर असते आणि सात वर्षांचं मूल असतं साधारण १.२० मीटरचं. त्याच्यासाठी ती भिंतच. नेटऐवजी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घ्या, वीस मीटर, आणि ती कोर्टच्या लांबीच्या दिशेने, बरोबर मधून बांधा. एक टोक खिडकीच्या ग्रिलला, दुसरं समोर जे भक्कम मिळेल त्याला. उंची १.२० ते १.३० मीटर. मध्ये झोळ पडेल, तिथे खुर्चीला मॉपचा दांडा बांधून टेकू द्या. कोर्टची लांबी १३.४० मीटर असते. बारा मुलांच्या सहा जोड्या दोरीच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर उभ्या केल्या की प्रत्येक जोडीला सव्वादोन मीटर रुंदीची गल्ली मिळते आणि दोरीच्या प्रत्येक बाजूला तीन मीटर खोली. बाराच्या बारा मुलं एकाच वेळी खेळतात. रांगच उरत नाही.

दोरीबद्दल एक सावधगिरी मात्र हवीच. ती नेमकी मुलांच्या तोंडा-डोक्याच्या उंचीवर येते. हातभर अंतरावर जुन्या ओढणीच्या पट्ट्या बांधा म्हणजे ती नजरेला दिसेल, आणि पळापळीच्या खेळांच्या वेळी एक टोक सोडून दोरी बाजूला घ्या. दोरी बांधलेली असताना पळायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी. दुसरा नियम: तुम्ही 'खाली!' म्हणालात की रॅकेट लादीवर ठेवायची, हातात धरून ऐकायचं नाही. दिशेचाही विचार करा. सकाळी आठला खिडकीतून ऊन येत असेल तर कोणाचंही तोंड त्या खिडकीकडे नको. 'शटल दिसत नाही' असं मुलं सांगत नाहीत, नुसती हुकतात.

आता सामान. २७ इंची मोठ्या माणसांची रॅकेट सहा वर्षांच्या हातात म्हणजे झाडूच. सहा-सात वयाला २१ इंची, आठ-नऊला २३ किंवा २५ इंची मुलांच्या रॅकेट मिळतात. सगळ्यांना नव्या घ्यायला लावू नका. मोठी रॅकेट असेल तर मुठीच्या वरच्या टोकाला, जिथे ग्रिप संपते तिथे धरू द्या. आपोआप आखूड होते. खेळण्यांच्या दुकानात जोडीने मिळणारी लोखंडी दांड्याची रॅकेट मात्र नको, ती जड असते आणि मनगट थकवते. शटल नायलॉनचं घ्या, बुचावर हिरवी पट्टी असलेलं. हिरवी म्हणजे संथ, निळी मध्यम, लाल वेगवान. आपल्याकडच्या उकाड्यात शटल तसंही जोरात जातं, त्यामुळे हिरवंच बरं. पिसांचं शटल नवशिक्यांना देऊ नका. त्यांचा निम्मा मार रॅकेटच्या कडेला लागतो आणि दोन मिनिटांत पिसं झडतात. पण रात्री खेळणाऱ्या काकामंडळींनी टाकून दिलेली पिसांची शटल गोळा करा. तीसेक हवीत. फेकायच्या खेळांना तीच उत्तम.

आणि फुगे. सगळ्यात जास्त फुगे.

फुगा का, ते सांगतो. मूल शटल हुकतं त्याचं कारण हाताच्या कौशल्यात कमी आणि वेळेत जास्त असतं. शटल येतंय हे डोळ्यांना कळतं, रॅकेट उचलेपर्यंत ते गुडघ्याखाली गेलेलं असतं. फुगा तसा संथ उतरतो, दुसरी संधी देतो. सुरुवातीला पंखे बंद करून प्रत्येकाला एक फुगा आणि एक रॅकेट द्या. फुगा पडू द्यायचा नाही, बस. मिनिटाभरात प्रत्येकाचे वीस-पंचवीस फटके होतात. तुमच्या रांगेत तेवढ्याला पंचवीस मिनिटं लागत होती. मग वाढवत न्या. एकदा सरळ बाजूने, एकदा उलट्या. फटका मारून खाली बसायचं, उठून पुन्हा मारायचं. साइडलाइनवर पाय ठेवून चालत फुगा न्यायचा. सोपं झालं की फुग्याला बोटभर सेलोटेप चिकटवा. तेवढ्या वजनाने तो भराभर उतरतो. सलग वीस फटके फुगा न पाडता जमले की ते मूल शटलला तयार. काहींना दुसऱ्या रविवारी जमेल, काहींना पाचव्या. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचला. सोबत आलेली दोन-अडीच वर्षांची धाकटी भावंडं ते तोंडात घालतात आणि घशात अडकतात.

ग्रिपचं दुखणं याच वेळी काढून टाका. बहुतेक मुलं उलथनं धरल्यासारखी रॅकेट धरतात, जाळी समोर, तळवा मागे. त्यांच्या दृष्टीने ते बरोबरच आहे, समोर मोठी जाळी दिसते, फुगा लागतो. पण त्या पकडीत कोपराखालचा हात फिरत नाही, म्हणून पुढे ना डोक्यावरून मार बसतो ना बॅकहँड, म्हणजे उलट्या बाजूचा फटका. हे सात वर्षांच्या मुलाला समजावून काही उपयोग नाही. टिकल्यांचं पाकीट आणा. रॅकेटची कड वर करून, म्हणजे जाळी उभी राहील अशी धरा. मूठ अष्टकोनी असते. त्यातल्या सर्वात वरच्या अरुंद बाजूवर एक लाल टिकली लावा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये जी खाच होते ती टिकलीवर आली पाहिजे. कोयता धरतो तशी पकड. अंगठ्याकडच्या रुंद बाजूवर हिरवी टिकली, बॅकहँडला अंगठा तिच्यावर टेकवायचा. मग खेळ: रॅकेट पाठीमागे नेऊन हातात गरागरा फिरवायची, तुम्ही 'लाल' किंवा 'हिरवी' म्हणालात की झटकन पुढे आणून दाखवायची. पाच वेळा, एक मिनिट, दर रविवारी. घशाला आराम. फार आवळून धरणारी एक-दोन असतातच. त्यांना सांगा, मुठीत पिकलेलं केळं आहे, साल फाटायला नको. डावखुऱ्यासाठी हिरवी टिकली मुठीच्या दुसऱ्या रुंद बाजूवर लावावी लागेल, तेवढं लक्षात ठेवा.

पायांसाठी नवं काही शोधू नका, आपले जुने खेळ पुरेसे आहेत. डोंगर-पाणी घ्या. मुलं कोर्टच्या मध्यरेषेवर, एक बाजू डोंगर, दुसरी पाणी. तुम्ही हात वर केलात की सगळ्यांनी छोटीशी उडी मारून पाय खांद्याएवढे फाकवून उतरायचं, त्याच क्षणी तुम्ही हाक द्यायची, आणि पळत ती साइडलाइन गाठायची. समोरच्याने शटल मारण्याच्या क्षणी खेळाडू जी बारीक उडी घेतो तीच ही. मुलं हमखास उंच उडतात, खाली येईपर्यंत हाक होऊन जाते आणि मागे पडतात. कोणाला काही बोलू नका. 'दोन बोटं उंच उडी' एवढाच नियम घाला. जो कमी उंच उडतो तो आधी पोचतो, हे दोन डावांत त्यांचं त्यांना कळतं. विष-अमृतमध्ये विष मिळालेल्याने नुसतं थिजायचं नाही, रॅकेटच्या हाताकडचा पाय लांब पुढे टाकून, हात पुढे करून थांबायचं. सुटका करणाऱ्याने त्याच्या तळव्यावर शटल ठेवलं की तो मोकळा. यात नेटजवळच्या लंजचा सराव होऊन जातो. गुडघा आत झुकत असेल तर पावलाचं बोट ज्या दिशेला आहे त्या दिशेला गुडघा, एवढंच पाहा.

हातासाठी सागरगोटे. शटल वर उडवून एक टाळी, झेल. मग दोन टाळ्या, तीन. मग रॅकेट नसलेल्या हाताने झेल. पाच मिनिटं पुरे, जास्त ताणलं की छताला मारायची स्पर्धा सुरू होते.

फेकण्याचा खेळ मात्र जरा लांबवा, कारण डोक्यावरून मारायचे सगळे फटके फेकण्यातूनच येतात. 'घर साफ' म्हणा. दोरीच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा, प्रत्येक घरात पंधरा जुनी शटल. साठ सेकंदांत आपल्या घरातला कचरा शेजाऱ्याच्या घरात टाकायचा, एका वेळी एकच, दोरीवरून. ज्याच्या घरात कमी तो जिंकला. पहिल्या डावात बहुतेक मुलं तोंडासमोरून ढकलतील, छाती समोर, कोपर बरगडीला चिकटलेलं. शटल हलकं असतं, ढकललेलं दोन पावलांवर पडतं. दुसऱ्या डावाआधी नियम बदला: समोरच्या घरात दोरीपासून दोन मीटरवर खडूची रेघ मारा, तिच्या पलीकडे पडलेलीच शटल मोजायची. आता ढकलून भागत नाही. मुलं आपोआप आडवी वळतात, विरुद्ध पाय पुढे येतो, कोपर कानाजवळ जातं. ज्याला तरीही जमत नाही त्याला 'मोकळ्या हाताने पतंग दाखव' म्हणा. बोट वर गेलं की खांदा वळतो. आमच्या मते शिकवण्याचं मर्म इथे आहे. तुम्हाला हवी ती हालचाल केल्याशिवाय जिंकता येणार नाही असा नियम करा आणि गप्प बसा.

सर्व्हिस हा पहिल्या दोन महिन्यांतला सगळ्यात रडवणारा भाग. जवळून बघा काय होतं ते. मूल डाव्या हाताने शटल वर उडवतं, मान वर करतं, शटल टोकाशी क्षणभर थांबल्यासारखं होतं, बूच खाली करून सरळ पडतं, आणि रॅकेट येते ती शटल लादीवर आपटल्यावर. चूक रॅकेटची नाही, उडवण्याची आहे. शटल उडवायचं नाही, सोडायचं. पिसांची कड चिमटीत धरून, हात सरळ पुढे, किंचित रॅकेटच्या बाजूला, आणि फक्त बोटं उघडायची. रॅकेट आधीच मागे गेलेली हवी. सहा-सात वयाच्यांना बॅकहँड सर्व्हिस बऱ्याचदा आधी जमते: शटल जाळीच्या समोर चार बोटं अंतरावर धरायचं आणि हिरव्या टिकलीवरच्या अंगठ्याने ढकलायचं. शटल १.१५ मीटरच्या खाली मारायचा नियम तूर्त विसरा. एवढ्याशा मुलांची अख्खी उंचीच जवळपास तेवढी आहे.

सर्व्हिसला लगोरी जोडा. सात कागदी पेले एकावर एक उपडे ठेवा, आधी दोन मीटरवर, दोरीशिवाय. जमलं की दोरीपलीकडे तीन मीटरवर. सर्व्हिसने लगोरी फुटली की त्या संघाने ती रचायची, तोवर दुसऱ्या संघाने हॉलभर पसरलेली दहा शटल बादलीत भरायची. आधी होईल त्याला गुण. मूळ खेळासारखं अंगावर मारायचं नाही, शटलचं बूच डोळ्याला लागतं.

फटक्यांच्या सरावात तुम्ही रॅकेटने शटल देता ते थांबवा, हाताने द्या. बूच चिमटीत, पिसं वर, हात खालून, दोन-अडीच मीटरवरून, मुलाच्या पोटापुढे आणि रॅकेटच्या बाजूला पडेल असं. हाताने दिलेलं शटल दर वेळी त्याच जागी येतं, रॅकेटने दिलेलं तुमच्याकडूनही येणार नाही. गल्ल्यांमध्ये मुलं एकमेकांना देतील तेव्हा सहा वर्षांचा नऊ वर्षांच्याला फेकून मारतो. दोरीवरून कमानीसारखं गेलं तरच मोजायचं, असं ठरवा. शक्यतो प्रत्येक जोडीत एक मोठं, एक लहान. या गल्ल्यांमध्ये सगळं खालून. डोक्यावरून मारायचं असेल तर चारच जोड्या उभ्या करा, उरलेली चौघं फुग्यांवर, दर तीन मिनिटांनी अदलाबदल.

स्मॅश कधी, हे विचारून मुलं तुम्हाला भंडावतीलच. नाही म्हणू नका, शेवटची पाच मिनिटं द्या. खिडकीच्या वरच्या गजाला किंवा उंच बांधलेल्या दुसऱ्या दोरीला तीन-चार नायलॉनची शटल दोऱ्याने टांगा, वेगवेगळ्या उंचीवर. मुलाने हात आणि रॅकेट सरळ वर केली की जाळीचा मध्य शटलला टेकला पाहिजे, आणि शटल कपाळाच्या जरा पुढे हवं. डोक्यामागे असेल तर मूल पाठ मोडून मारायला शिकतं, आणि ती सवय जाता जात नाही. इथे चार मुलं एका वेळी, बाकीच्यांनी शटल आवरायची.

पालकांचं म्हणणं अर्धं खरं आहे. मुलांना मोजणं हवं असतं. पण एका कोर्टावर दोघं खेळणार आणि दहा बघणार म्हणजे पुन्हा रांगच. त्यापेक्षा सहा गल्ल्यांत एकाच वेळी दोन-दोन मिनिटांचे सामने लावा. शिट्टी वाजली की जो पुढे आहे तो खिडकीच्या दिशेने एक गल्ली सरकतो, मागे असलेला दाराच्या दिशेने. फेऱ्या होत गेल्या की प्रत्येक मूल आपल्याच ताकदीच्या मुलासमोर येऊन पोचतं. एकवीस-शून्यची नामुष्की कोणाच्या वाट्याला येत नाही. सर्व्हिस जमत नसेल त्याने हाताने फेकून डाव सुरू करावा. सामन्यांआधी दर रविवारी एक 'जोडीचा आकडा' घ्या: दोघांनी मिळून शटल न पाडता किती वेळा दोरीवरून नेलं. फळ्यावर लिहून ठेवा. तीनचे सात झाले की ते पोर घरी जाऊन सांगणारच, पालकांना वेगळं समजवायला नको. जोडीचा आकडा नियमाने वीसच्या पुढे जाऊ लागला की त्या मुलाला अकादमीत घालायचा विचार करायला हरकत नाही, त्याआधी घाई नको.

तासाचं गणित ढोबळ ठेवा: दहा मिनिटं डोंगर-पाणी किंवा विष-अमृत, पंधरा फुगे आणि टिकल्या, दहा फेकाफेकी, पंधरा गल्ल्यांत शटल, उरलेली सामने आणि टांगलेली शटल. एखादा खेळ रंगात असताना थांबवा. पुढच्या रविवारी तोच मागून घेतील. दर पंधरा मिनिटांनी पंखे लावून पाणी. जूनपासून एक काम वाढेल. पावसाळ्यात क्लबहाउसच्या लादीला ओल सुटते, वर घामाचे थेंब. खेळाआधी आणि मध्ये एकदा कोरड्या मॉपने पुसून घ्या, आणि क्रॉक्स किंवा नुसत्या मोज्यांवर आलेल्या मुलाला पळवू नका. रबरी तळव्याचे बूट हवेत.

वेगवेगळ्या वयांसाठी तयार पाठ हवे असतील तर जागतिक बॅडमिंटन महासंघाचा 'शटल टाइम' हा शाळांसाठीचा कार्यक्रम बघा. ५ ते १५ वयासाठी आहे, साहित्य फुकट मिळतं.

राहिला तुमचा डावखुरा. त्याला उजव्यांमध्ये उभं केलं तर त्याची रॅकेट आणि शेजाऱ्याची रॅकेट एकाच जागेत फिरतात, टकरा होतात, आणि तो बिचारा हात आखडून मारायला लागतो. सरावात त्याला नेहमी टोकाची गल्ली द्या, ज्या टोकाला त्याचा डावा हात मोकळ्या जागेकडे येईल. बाजू बदलली की टोकही बदलायचं. शटल त्याच्या डावीकडे टाका, पतंग उजव्या हाताने.